बाइट सगळे पोचले, निरोप अर्धा

पॅथॉलॉजी लॅबमधली मशिनं आणि रुग्णालयाचं सॉफ्टवेअर यांची जोडणी करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. मशीन रक्ताचे आकडे काढतं, ते नेटवर्कवरून सर्व्हरवर जातात आणि तिथून वॉर्डातल्या डॉक्टरांच्या पडद्यावर. मधल्या वाटेकडे कुणाचं लक्ष नसतं. सगळं सुरळीत असेल तर ते असायचं कारणही नाही.

मिरज-सांगलीकडे रुग्णालयांना तोटा नाही. त्यातल्याच एका मध्यम रुग्णालयाने मला बोलावलं ते डेंग्यूच्या ऐन हंगामात. तिथली जोडणी आधीच्या एका कंपनीने केलेली. तिचा करार संपला होता, पण नशिबाने सोर्सकोड सर्व्हरवरच पडून होता. लॅबमधल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञांना सगळे दादा म्हणतात. मी पर्स खाली ठेवायच्या आत ते म्हणाले, "मॅडम, आधी इथे डोळा लावा. कॉम्प्युटर मग बघू."

मायक्रोस्कोपखाली रक्ताची स्लाइड होती. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण लाल पेशींच्या मधे जांभळे बारीक ठिपके भरपूर पसरलेले दिसत होते. "ह्या प्लेटलेट. मशीनच्या स्वतःच्या पडद्यावर एक लाख बावन्न हजार आहेत, स्लाइडला ते पटतंय. आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय पंधरा हजार." कॉम्प्युटर माझा नव्हता, पण लॅबवाल्यांच्या लेखी कॉम्प्युटरवाले सगळे एकाच घरचे.

डेंग्यूत १५ हजार प्लेटलेट हा अशक्य आकडा नाही, आणि खरी भीती तिथेच आहे. शून्य आलं असतं किंवा पंधरा कोटी आलं असतं, तर कुणीही हसून बाजूला ठेवलं असतं. १५ हजार दिसलं की वॉर्डातून रक्तपेढीला फोन जातो. इथे तो गेला नाही, कारण दादांची जुनी शिस्त: प्लेटलेट फार कमी दिसल्या की स्लाइड पाहिल्याशिवाय रिपोर्ट सोडायचा नाही.

बोलता बोलता आणखी तक्रारी बाहेर आल्या. काही पेशंटच्या प्लेटलेट कॉम्प्युटरवर येतच नाहीत, रकाना रिकामा राहतो, मग मुली मशीनवरून बघून हाताने टाकतात. पेशींचे आलेख तर बरेचदा कोरेच असतात. "ते आधीपासूनच," एक मुलगी म्हणाली. प्लेटलेटचा गोंधळ मात्र अलीकडचा. कधीपासून, असं विचारल्यावर नक्की कुणालाच सांगता येईना. शेवटी नोंदणी खिडकीवरच्या बाईंनी सहज सांगितलं की हल्ली पेशंटची नावं-पत्ते मराठीत घालतात. त्या वेळी ते वाक्य मी नुसतं वहीत टिपलं.

ही मशिनं ज्या पद्धतीने बोलतात तिला एचएल सेव्हन म्हणतात. १९८७ पासून चालत आलेलं हे मानक दिसायला अगदी साधं आहे. एका ओळीत एक गोष्ट, ओळीतले रकाने उभ्या रेघेने वेगळे. पहिली ओळ एमएसएच: कोण पाठवतंय, कधी, संदेशाचा क्रमांक काय. मग पीआयडी, म्हणजे रुग्णाचं नाव, जन्मतारीख, पत्ता. त्याखाली ओबीएक्स ओळींची रांग, प्रत्येकीत एक तपासणी. पांढऱ्या पेशी आणि त्यांचे प्रकार वर, हिमोग्लोबिन मधे, प्लेटलेट बऱ्याच खाली, आणि त्यानंतर आलेखांचा डेटा. या सगळ्याभोवती एमएलएलपी नावाचं पातळ वेष्टण असतं: सुरुवातीला ११ क्रमांकाचा बाइट, शेवटी २८ आणि १३. निरोप कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते सांगायला एवढं पुरतं.

पण ते वेष्टण वाचायचं काम आपल्या प्रोग्रॅमचं. खाली बाइट वाहून नेणाऱ्या टीसीपीला त्याचा पत्ताही नसतो. टीसीपीचं मूळ मानक सप्टेंबर १९८१ चं, त्याची सुधारून एकत्र केलेली आवृत्ती ऑगस्ट २०२२ ची. मधे चाळीस वर्षं गेली तरी हमी तीच आहे: बाइट ज्या क्रमाने पाठवले त्याच क्रमाने मिळतील, मधला गळणार नाही, एकच दोनदा येणार नाही. तुम्ही एका वेळी किती लिहिले आणि समोरच्याला एका वेळी किती मिळतील यांचा काही संबंध असेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. जुनी मोडी कागदपत्रं कुणी पाहिली असतील तर त्यांना हे लगेच कळेल. रेघ ओढून त्याखाली सगळा मजकूर सलग, शब्द न तोडता लिहिलेला असतो. कुठे तोडायचं हे वाचणाऱ्याने ठरवायचं. अक्षर एकही गळलेलं नसतं, तरी तोडण्यात चूक झाली की अर्थ बदलतो.

जुन्या प्रोग्रॅममध्ये वाचणाऱ्याने ठरवायचा भागच नव्हता. सॉकेटवर एकदा वाचायचं, जे हाती येईल तो एक निरोप समजायचा, पुढचा ११ आणि मागचे २८-१३ असतील तर खरवडायचे, ओळी पाडून डेटाबेसात टाकायच्या आणि मशीनला 'मिळालं' म्हणून पोच द्यायची. शेवटचे दोन बाइट आले नसले तरी तक्रार नाही. पुढच्या खेपेला ११ ने सुरू न होणारा मजकूर आला की कचरा म्हणून फेकायचा. तो कचरा म्हणजे आधीच्या निरोपाची शेपटी होती.

मी सर्व्हरवर वायरशार्क हा नेटवर्कवरचे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम लावला आणि दादांना तोच नमुना मशीनमधून पुन्हा पाठवायला सांगितला. पडद्यावर डावीकडे बाइटांचे आकडे, उजवीकडे त्यांची अक्षरं. पहिल्या पॅकेटात १४६० बाइटांचा मजकूर. त्याची शेवटची ओळ प्लेटलेटची, आणि ती ओळ '१५' या दोन अंकांवर संपत होती. दुसरं पॅकेट सुरू होत होतं '२' ने, पुढे उभी रेघ, मग एकक. १५२ हजारांतले १५ एका डब्यात आणि २ दुसऱ्या डब्यात. दोन्ही डबे एका मिलिसेकंदाच्या आत सर्व्हरवर पोचलेले. दादा मागून बघत होते. म्हणाले, "म्हणजे आलंय की सगळं!" आलं होतं. वाचणाऱ्याने अर्धंच उचललं होतं.

१४६० या आकड्यात गूढ काही नाही. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये १५०० बाइट मावतात. त्यातले २० आयपीच्या आणि २० टीसीपीच्या मथळ्याला जातात. उरलं ते १४६०. रुग्णांची नावं इंग्रजीत होती तेव्हा ही कात्री प्लेटलेटच्या पुढे, आलेखांच्या डेटावर पडायची. आलेख कोरे राहायचे आणि कुणाचं काही अडायचं नाही. मग नावं मराठीत आली. अक्षरांचे बाइट करण्याच्या युटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. रोमन लिपीतली सावित्री सात बाइटांत बसते. देवनागरीतल्या 'सावित्री'त काने, वेलांट्या आणि हलन्त धरून आठ चिन्हं होतात, म्हणजे २४ बाइट. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, तालुका, सगळ्याला हा हिशोब लावा. वरचा भाग शंभरेक बाइटांनी फुगला, खालचा तेवढा पुढे सरकला आणि कात्री बरोबर प्लेटलेटच्या ओळीवर येऊन बसली. कुणाच्या बाबतीत आकड्याच्या आधी, कुणाच्या बाबतीत नंतर, आणि एखाद्याच्या बाबतीत भर आकड्यात. रुग्णाच्या नावाच्या लांबीवर त्याच्या प्लेटलेट अवलंबून आहेत, हे मी तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

मग हे रोज, प्रत्येकाच्या बाबतीत का होत नव्हतं? कारण प्रोग्रॅम वाचायला येईपर्यंत दोन्ही पॅकेटं सर्व्हरच्या बफरात, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जमलेली असली तर एकाच वाचनात पूर्ण निरोप हाती लागतो. सर्व्हर कामात असला की प्रोग्रॅम जरा उशिरा पोचतो आणि सगळं ठीक दिसतं. सर्व्हर निवांत असला की तो पहिलं पॅकेट येताक्षणी झडप घालतो आणि अर्धंच घेऊन जातो. गर्दीच्या वेळी बरोबर आणि दुपारच्या शांततेत चूक, असा दोष असला की माणसं केबल बदलतात, स्विच बदलतात, शेवटी एकमेकांवर संशय घेतात. इथे केबल बदलून झाली होती.

आधीच्या कंपनीच्या चाचणीत हे सापडणं शक्यच नव्हतं. पाठवणारा आणि घेणारा दोन्ही प्रोग्रॅम एकाच लॅपटॉपवर ठेवून चाचणी केली की मजकूर खऱ्या तारेवर उतरतच नाही. लिनक्सवर त्या आतल्या वाटेची मर्यादा ६५,५३६ बाइटांची असते; दीड-दोन हजारांचा निरोप तिथून अख्खाच जातो. पुन:पुन्हा करा, निकाल तोच. आमच्या धंद्यातल्या निम्म्याअधिक 'माझ्याकडे तर चालतंय'चं मूळ मला इथेच दिसतं.

रुग्णालयाच्या आयटी विभागातल्या मुलाने उपाय सुचवला, "मॅडम, वाचायच्या आधी अर्धा सेकंद स्लीप टाकूया? बायोकेमिस्ट्रीच्या मशीनला मी तेच केलंय." हुशार मुलगा, आणि ही युक्ती त्याची एकट्याची नाही. मी जिथे जाते तिथे कुठल्या तरी कोपऱ्यात अशी एक डुलकी सापडतेच. थांबल्याने तुकडे जमतात हे खरं, पण जमताना ते एकाच निरोपाचे असतील याची खात्री कोण देणार? बायोकेमिस्ट्रीचे रिझल्ट अधूनमधून गायब होतात ही तक्रार माझ्या यादीत होतीच. त्या मशीनपुढचा कॉम्प्युटर पोचेची वाट न बघता एकामागून एक निरोप सोडतो. लाइट जाऊन नेटवर्क काही वेळ बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं की साठलेले सगळे निरोप भराभर निघतात. अर्ध्या सेकंदात दोन-तीन जमतात, प्रोग्रॅम पहिल्या २८ पर्यंत वाचतो आणि मागचे सोडून देतो. लाइट गेली की रिझल्ट हरवतात, असा तिथल्या लोकांचा समज झाला होता. निरीक्षण अचूक होतं, कारण तेवढं सापडलं नव्हतं.

दुरुस्ती तशी फार मोठी नाही. प्रोग्रॅमचा स्वतःचा बफर वाचण्याच्या एका खेपेचा नसतो, तो जोडणीचा असतो. जोडणी जिवंत असेपर्यंत तोही राहतो. येईल ते त्याच्या शेपटीला जोडायचं. मग बफरात २८-१३ ही जोडी दिसते का बघायचं. दिसली तर तिथपर्यंतचा भाग काढून घ्यायचा, तो पूर्ण निरोप. आणि इथे बरेच जण घसरतात: उरलेल्या बफरात पुन्हा बघायचं, जोडी दिसेनाशी होईपर्यंत. प्रोग्रॅमच्या भाषेत सांगायचं तर तिथे 'इफ' चालत नाही, 'व्हाइल' लागतो. 'इफ' लिहिला तर दुसरा निरोप बफरात पडून राहतो आणि तिसरा येईल तेव्हाच बाहेर पडतो. मग प्रत्येक रिपोर्ट एक पेशंट मागे चालतो. हे मी एका ठिकाणी पाहिलेलं आहे, आणि ते गायब होण्यापेक्षा शोधायला अवघड जातं.

वाचताना शून्य बाइट मिळाले तर समोरच्याने जोडणी बंद केली, असा अर्थ. त्या क्षणी बफरात अर्धा निरोप उरला असेल तर तो टाकून द्यायचा आणि पोच द्यायची नाही; मशीन पुन्हा पाठवेल. पोच द्यायची ती डेटाबेसात नोंद झाल्यावरच. त्यामुळे एखादा निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून एमएसएच ओळीतला संदेश क्रमांक तपासायचा. बफराला कमाल मर्यादाही हवी. समोरचं मशीन बिघडलं आणि २८ कधी आलाच नाही, तर बफर सर्व्हरची मेमरी खाऊन टाकेल.

मायक्रोबायोलॉजीच्या जोडणीत वेगळीच गंमत निघाली. तिथे कुणीतरी तुकडे नीट जोडले होते, पण प्रत्येक तुकडा आधी अक्षरांत बदलून. कल्चरचे रिपोर्ट लांब, त्यात मराठी शेरे. 'स' म्हणजे २२४, १६४, १८४ असे तीन बाइट. पहिले दोन एका तुकड्याच्या शेवटी आणि तिसरा पुढच्याच्या सुरुवातीला आला, की दोन्ही बाजूंना काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं उमटतात. हे बरेच दिवस चालू होतं आणि सगळ्यांनी ते फॉन्टवर ढकललं होतं. आधी बाइट जोडायचे, निरोप पूर्ण करायचा, अक्षरं त्यानंतर. युटीएफ-८ मध्ये हे निर्धास्त करता येतं, कारण देवनागरी चिन्हाचा प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा असतो. ११, २८ किंवा १३ त्यात चुकूनही सापडत नाहीत. युटीएफ-१६ मध्ये मात्र 'ऋ'च्या दोन बाइटांपैकी एक नेमका ११ असतो आणि 'ज'च्या दोनपैकी एक २८. म्हणजे ऋजुता नावाची पेशंट आली तर तिच्या नावातच निरोपाची सुरुवात आणि शेवटाचा बाइट, दोन्ही हजर! नुसता २८ शोधणारा प्रोग्रॅम तिच्या नावाचेच तुकडे करील.

लांबी आधी सांगण्याची दुसरी रीत आहे, एटीएम-कार्डांच्या आयएसओ ८५८३ संदेशांपुढे बहुधा दोन बाइटांत लांबी घालतात तशी. मला स्वतःला ती जास्त आवडते. मजकुरात काय आहे याची पर्वा करावी लागत नाही. फक्त ते दोन बाइट कुठल्या क्रमाने वाचायचे हे दोघांनी एकच ठरवलेलं हवं, नाहीतर २०० चे ५१,२०० होतात आणि प्रोग्रॅम न येणाऱ्या बाइटांची वाट बघत बसतो. आणि समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. २०१४ साली उघडकीला आलेला हार्टब्लीड दोष म्हणजे दुसरं काही नव्हतं: मजकूर थोडा, सांगितलेली लांबी मोठी, आणि सर्व्हरने स्वतःच्या मेमरीतलं नको ते भरून पाठवलं.

पाठवतानाही एक अडचण निघाली. पोच जात होती, पण विनाकारण सावकाश. जुना प्रोग्रॅम ११ हा बाइट वेगळा लिहायचा, मग मजकूर, मग २८-१३. जॉन नेगल यांनी १९८४ साली सुचवलेला नियम असा की आधी पाठवलेल्याची पोच यायची असेल तर पुढचा बारीकसारीक माल लगेच सोडायचा नाही, साठवायचा. आणि पलीकडची बाजू आपली टीसीपीची पोच थोडी अडवून ठेवते, जुन्या विंडोजवर २०० मिलिसेकंदांपर्यंत. दोघंही एकमेकांची वाट बघतात. यावर बहुतेक जण नेगलचा नियम बंद करणारा टीसीपी-नोडिले हा पर्याय चालू करून मोकळे होतात. माझं मत वेगळं आहे: आधी तिन्ही भाग एकत्र करून एकदाच लिहा. इथे तेवढ्यानेच काम झालं.

नवीन प्रोग्रॅम चालू करायच्या आधी मी तीन बाजूंनी त्याची परीक्षा घेतली. एकदा पूर्ण निरोप एकेक बाइट करून, मधे थांबत पाठवला. मग अडीच निरोप एका दमात पाठवले आणि उरलेला अर्धा सावकाश. शेवटी तोच निरोप प्रत्येक शक्य जागी तोडून पाहिला, पहिल्या बाइटानंतर, दुसऱ्यानंतर, असा शेवटपर्यंत. दादा स्टूल ओढून बसले होते. प्रत्येक वेळी १५२ आलं की मान हलवायचे. मग म्हणाले, "हे त्यांनी आधी का नाही केलं?" हे करायला वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम लागतो आणि कुठलंही मशीन लागत नाही.

तेव्हा ज्यांच्या लॅबमध्ये, वजनकाट्यावर, दूध संकलन केंद्रात किंवा कारखान्यात अशी जोडणी व्हायची आहे, त्यांना एक विनंती. काम ताब्यात घेताना दोन वेगळे कॉम्प्युटर आणि खरी केबल वापरून, निरोप एकेक बाइट पाठवून दाखवा, असं विक्रेत्याला सांगा. नंतर दोन निरोप चिकटवून पाठवायला लावा. नाव देवनागरीत आणि लांबलचक घ्या. हे तुमच्यासमोर नीट झाल्याशिवाय बिलावर सही करू नका.